चाकावरचं सोवळं

आमच्या लेकाला, कमलाकांताला, कोर्टात डोकं चालवायला मिळालं नाही की तो ते घरात चालवतो. त्या उन्हाळ्यात त्यानं चाकांचं घर करायचं काढलं. कोण्या विलायती मासिकात चित्र पाहिलं म्हणे, साहेबलोक असल्या घराला घोडा जुंपून ते समुद्रकाठी हवा खायला नेतात. अमरावतीला समुद्र कुठून आणायचा, म्हणून चिखलदरा ठरलं. सुतारानं चार चाकांवर फळ्यांची खोली ठोकून दिली. वर पत्रा, बाजूला खिडक्या, मागे दार. आमच्या ह्यांनी तिला एक चक्कर मारली, "मी घरीच बरा," म्हणाले आणि ओसरीवर आडवे झाले. इतक्या वर्षांच्या संसारात ते शहाण्यासारखं बोलले ते तेवढंच.

मी गेले ती माझ्या लेकीसाठी, सिंधूसाठी. अकोल्याचे मोरोपंत तेव्हा चिखलदऱ्यालाच बंगला घेऊन राहिले होते. मुलगा नागपूरला कॉलेजात, घर खाऊनपिऊन सुखी. पण मोरोपंत सोवळ्याचे कडक. आधी मुलीच्या घरी जेवायचे, सोवळं-ओवळं पटलं तरच मुलीकडे मान वर करायचे. नाही पटलं तर भरल्या पानावरून उठायचे. असे ते कितीतरी घरांतून उठले होते. सिंधूची आधीची दोन स्थळं माझ्या तोंडापायी गेली असं माझी सून गोदावरी सगळीकडे सांगते. मी फक्त मला जे दिसत होतं ते त्या लोकांना बोलून दाखवलं होतं. तर आता हे तिसरं. मी मोरोपंतांना निरोप धाडला, जेवायला या, आमचं सोवळं चाकावर असलं तरी ढळत नाही.

घाट चढून वर आलो तशी वाऱ्यानं पहिली सलामी दिली. गाडीवान कुर्बाननं बैल थांबवले.

"माँजी, गाडी खाली झाडीत लावू. इथं हवा लय आहे."

"झाडीतून दरी दिसते का?" कमलाकांत म्हणाला. "हवाच खायले आलो ना आपण?"

म्हणून घर उघड्या माळावर उभं राहिलं. पुढे उतार, उताराखाली कोणाचा तरी कॉफीचा मळा. रात्रभर पत्रा असा वाजत होता की शेजारी कोणी बँड लावून वरात काढली आहे असं वाटावं. सकाळी उठून पाहते तर सोवळ्याचं लुगडं दांडीवर नाही. कोणी शिवू नये म्हणून मी ते उंच बांबूवर, काठीनं वाळत घातलं होतं. ते सापडलं बैलाच्या गळ्यात.

"बैलच तर आहे," कमलाकांत म्हणाला. "गाईच्या पोटचा. त्याचा कायचा विटाळ?"

"बैलाचा नाही. त्याच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा आहे तो कायचा? चामड्याचा ना? तू वकील कसा झाला रे?"

गोदावरी हळूच म्हणाली, "मी सांगत होती, रेशमी घ्या. त्याले धुवा लागत नाही की वाळवा लागत नाही."

"रेशमी सोवळं आळशी बायांचं असते," मी म्हटलं. आता मी हे एकदा बोलून बसले होते, तेव्हा माघार घेण्यात अर्थ नव्हता. विहिरीवर गेले, लुगड्यासकट अंगावर पाणी घेतलं आणि ओलेत्यानं स्वयंपाकाला लागले. ओलेतं म्हणजे सोवळंच. चिखलदऱ्याचं पाणी आणि वर तो वारा. दात इतके वाजले की कमलाकांताला वाटलं मी मंत्र म्हणते आहे. पण एक झालं, पुरण शिजायच्या आत लुगडं अंगावरच खडखडीत वाळलं.

बाहेर चूल पेटेना, म्हणून गाडीत फळ्यांवर पत्र्याचा तुकडा टाकून माती थापली आणि तीन दगडांची चूल मांडली. दगड कमलाकांतानं आणून दिले होते, चांगले चपटे, पाण्यानं धुतलेले. आईचं काम त्यानं असं न सांगता केलं याचं मला कौतुकच वाटलं. मग मी सगळ्यांना बजावलं, ही आता खोली नाही, माझं स्वयंपाकघर आहे, आतून बाहेरून कोणी हात लावायचा नाही.

मोरोपंत आले ते रेशमी मुकटा नेसून, वाऱ्यात पागोटं दोन्ही हातांनी धरून. संगे त्यांची बायको पार्बताबाई. आत एकाच पानाची जागा होती. पार्बताबाईंना बाहेर पाट मांडून दिला. त्या बसल्या आणि सिंधूला खालपासून वरपर्यंत पाहू लागल्या.

"कपाळावर भोवरा दिसते पोरीच्या, अपशकुनी," म्हणाल्या.

"नाही जी, हवेनं केस उडून राह्यले," सिंधू म्हणाली. मी आतूनच ओठ चावले. मला त्या बाईबद्दल बरंच काही सुचलं होतं.

मोरोपंतांनी चित्राहुती घातल्या, आपोष्णी घेतली. आता हात धुवेपर्यंत ते बोलणार नाहीत आणि पानावरून उठले तर पुन्हा बसणार नाहीत. पहिली पोळी गेली. दुसरी गेली. कटाच्या आमटीला त्यांनी मान हलवली. माझा जीव जरा भांड्यात पडतो आहे तोच वाऱ्याचा एक लोट आला, फळ्या करकरल्या आणि खिडकीतून दिसणारं झाड हळूच मागे सरकलं.

मी म्हटलं झाड कायले चाललं? मग दुसरं झाड चाललं.

बाहेरून कुर्बान ओरडला, "साहेब, चाकाखालचे दगड कोणं काढले?"

मी चुलीकडे पाहिलं. तीन दगड, चांगले चपटे.

निखाऱ्यांवर मी तांब्या उपडा केला. गाडी उताराला लागली होती. पळत नव्हती, पण वाऱ्याची पाठीवर थाप पडली की एकेक पाऊल लांब टाकत होती. कुर्बान आणि कमलाकांत दोघेही बाजूनं धावत होते, हात पुढे करून, पण न लावता.

"माँजी, रोकू का?"

"आई, धरू का? सोवळ्याचं काय?"

मोरोपंतांनी एका हातानं पान धरलं होतं. आमटी डावीकडे निघाली तसा त्यांनी भाताचा बांध घातला. माझ्याकडे पाहिलं. उठायचं नाव नाही. खाली कॉफीच्या मळ्याचं काटेरी कुंपण येत होतं. धरा म्हणावं तर गाडीला शिवाशीव, व्याही पानावरून उठणार, सिंधूचं तिसरं स्थळ गेलं. नको म्हणावं तर व्याही पानासकट काट्यांत. उभ्या जन्मात माझ्या तोंडाला शब्दाची वाण पडली नव्हती, ती तेव्हा पडली.

सिंधूनं मला विचारलं नाही. मी खिडकीतून पाहिलं ते एवढंच, पोरीनं पदर खोचला, पार्बताबाईंच्या बुडाखालचा पाट खस्सकन ओढला आणि तो घेऊन उतारावरून धावत सुटली. पार्बताबाई चारी बाजूंनी बसल्या. सिंधू गाडीच्या पुढे गेली, पाट पुढच्या चाकाखाली सरकवला आणि बाजूला झाली. पाट कडाडला. गाडी एकदा पुढे वाकली, तूप पळीतून माझ्या हातावर आलं, आणि सगळं थांबलं. कुर्बाननं मागून येऊन दगड लावले, विचारायचं सोडून.

सिंधूनं दार धरून आत डोकं घातलं. केस सुटलेले, हाताचं साल निघालेलं.

"कोणाले लागलं तर नाही?"

दाराला शिवली होती. चाकाला शिवली होती. मोरोपंत तिच्याकडे पाहत होते, घास हातात तसाच.

तोवर पार्बताबाई लुगडं झाडत पोचल्या. "अहो, उठा. पोरगी शिवली. मले पाडलं तिनं, सासूले, लग्नाच्या आधी. मी म्हणते उठा."

वारासुद्धा ऐकायला थांबल्यासारखा झाला. मी मोरोपंतांच्या गुडघ्याकडे पाहत होते. माणूस उठायचा असला की आधी गुडघा हलतो.

त्यांनी घास तोंडात घातला. सावकाश चावला. बांध मोडून भात आमटीत कालवला, सगळा संपवला. मग पार्बताबाईंकडे न पाहता पोळीवर बोट ठेवून दाखवलं. तूप.

मी वाढलं. हात भाजलेला होता, पण धार तुटू दिली नाही.

पानात काही न टाकता ते उठले, खाली उतरून हात धुतले, चूळ भरली. पार्बताबाई एवढा वेळ बोलतच होत्या. त्यांनी ते पुरं होऊ दिलं.

"सोवळं तुले येते," ते बायकोला म्हणाले. "आपलं पोरगं गाडी चालायले लागली तर पानावर बसून राहील, माह्यासारखं. त्याच्या घरी पाट ओढणारं कोणी पाहिजे."

मग पागोटं दोन्ही हातांनी धरून ते माझ्याकडे वळले.

"पण लग्न मात्र जमिनीवर करा, विहीणबाई."