माझ्या शेजारच्या खणातली ती

मित्रांनो, मी डाळजच्या वाचनालयातली एक जुनी हार्ड डिस्क आहे. सर्व्हरच्या पेटीत मी आणि माझ्यासारखीच आणखी एक डिस्क, अशा आम्ही दोघी शेजारी राहायचो. मला सांगितलेला प्रत्येक शब्द तिच्याजवळही असे. एक बंद पडली, तर दुसरीने सांभाळायचे, म्हणून आम्हांला जोडीने बसवले होते.

ग्रंथपाल विनयाताईंनी आमच्यात म्हाताऱ्या माणसांचे आवाज साठवले. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावात कोणाचे घर कुठे होते, कोणत्या विहिरीचे पाणी गोड होते, असे सारे. सुरुवातीला शाळेतली मुले ऐकायला येत, कौतुक करीत. पुढे पेटीवर धूळ साचली. पंखा कुरकुरू लागला, तरी कोणी पाहिले नाही.

सहाव्या उन्हाळ्यात माझी जोडीदारीण अडखळू लागली. तिची खटखट मला ऐकू यायची. एका सकाळी तिच्यापुढचा दिवा लाल झाला. ताईंनी पेटी दुरुस्त करणाऱ्या बारामतीच्या कुशलला फोन केला.

तो नवी डिस्क घेऊन पोचला, तेव्हा दगडाबाई दारात बसल्या होत्या. त्यांची थोरली बहीण आक्काबाई महिन्यापूर्वी वारली होती. "तिचा आवाज तेवढा ऐकव, पोरी," त्या ताईंना म्हणत होत्या.

"ताई, दुसरीकडं कुठं प्रत हाय का?" कुशलने विचारले.

"नाही रे."

त्याने हात घातला तो माझ्या खणात!

"थांब! आधी नंबर बघ," ताई ओरडल्या.

त्याने धरलेल्या डिस्कवरचा नंबर माझा निघाला. मला ओढले असते, तर आक्काबाईही गेल्या असत्या. मग त्याने माझ्या जोडीदारणीला बाहेर काढले. अजून ती गरम होती. निरोप घेणे आम्हांला येत नाही, मित्रांनो.

नवी तिच्या जागी बसली. पाच तास मी तिला सगळे वाचून दाखवत होते, मध्येच बंद पडू नये म्हणून जीव मुठीत धरून. दगडाबाई उठल्या नाहीत. दुपारी दिवा हिरवा झाला, तेव्हाच ताईंनी आवाज लावला, आणि आक्काबाई बोलू लागल्या.

"आमच्या दारात चिंच व्हती. ही दगडी वर चढायची अन् तिला उतरता यायचं न्हाय. मी खाली पदर पसरून उभी."

"व्हय गं आक्का, उभी राहायचीस," दगडाबाई म्हणाल्या.

आज नवी डिस्क माझ्याइतकेच जाणते. पण आक्काबाई पहिल्यांदा बोलल्या, तेव्हा माझ्या शेजारी होती ती ही नव्हे.

मित्रांनो, आम्हांला धुळीत टाकू नका. आमच्यातल्या आवाजांची एक प्रत दुसऱ्या गावीही ठेवा. आणि आपली माणसे समोर आहेत, तोवर त्यांच्याजवळ बसा. मी आक्काबाईंचा शब्दन् शब्द जपला. पण दगडाबाईंचे उत्तर काही त्यांच्यापर्यंत पोचवू शकले नाही.