मागच्या खोलीचा कोपरा

दालनाच्या भिंतीवर माझं घर टांगलं होतं आणि त्यात कुणीतरी खिडकी पाडली होती.

हे घर व्हिडिओ कॉलमधून जमवलेलं. तीन वर्षांपूर्वी दादाने चांगला फोन घेतला. आई तो धरून बोलायची, तिचा हात हलायचा आणि मागचं घर दिसायचं: अर्धा ओटा, पंख्याचं एक पातं, दाराची कडी. मी पटापट स्क्रीनशॉट काढायची. देश सोडून अकरा वर्षं झाली, माझ्याजवळ घराचं दुसरं काही नव्हतं. साडेचार हजार तुकडे संगणकावर जोडून मी आमच्या तीन खोल्या उभ्या केल्या आणि प्रदर्शनासाठी त्यांची मोठी प्रिंट काढायला दिली. मागच्या खोलीचा एक कोपरा तेवढा मिळाला नाही. तिथे बाबांची खाट. फोन तिकडे वळला की आई म्हणायची, "बाबा झोपलेत गं," आणि पुन्हा ओटा दाखवायची.

बाबा चौदा महिने अंथरुणाला खिळून होते, हे मला ते गेल्यावर कळलं. तेव्हाही जाता आलं नाही. माझी कागदपत्रं अडकलेली, इथून निघाले असते तर परत शिरू दिलं नसतं. म्हणून तो कोपरा मी काळा ठेवला. सगळं प्रदर्शन त्या काळ्यासाठी होतं.

आणि आता तिथे खिडकी. निळा पडदा, वर कुंडीसुद्धा.

"तिथली माहिती गहाळ होती," प्रिंट काढणारा कौतुकाने म्हणाला. "सॉफ्टवेअरने भरून दिली. रंग कसा जुळलाय बघा."

"खरं सांगू?" दालन चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आता जरा प्रसन्न वाटतंय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझे बाबा जिथे गेले तिथे या लोकांनी कुंडी ठेवली होती. आमच्या त्या भिंतीला खिडकी नाही, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. नवीन प्रिंट काढायला वेळ नव्हता, तासाभरात लोक येणार होते. मी टेबलावरचं ब्लेड उचललं आणि खिडकी चारही बाजूंनी कापून काढली. बाई "अहो, अहो" करत राहिल्या.

तेवढ्यात दादाचा कॉल आला. प्रदर्शन दाखवायचं कबूल केलं होतं, म्हणून दाखवलं. भोकापाशी त्याने मला थांबवलं.

"इथे काय होतं?"

"खिडकी. यंत्राने मनाने घुसडलेली."

"मग कापलीस कशाला?"

"आपल्याकडे खिडकी नाही म्हणून."

दादा उठला. मग फोन हलला, ओटा गेला, दार गेलं आणि पहिल्यांदाच तो कोपरा आला. खाट नव्हती. भिंतीत जमिनीपासून दीड हातावर एक छोटी खिडकी होती. दोन गज, पडदा नाही. पलीकडे रस्ता, पार वळणापर्यंत.

"बाबांनी पाडून घेतली," दादा म्हणाला. "पडल्या पडल्या रस्ता दिसावा म्हणून. तू आलीस तर वळणावरच दिसशील म्हणायचे."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सगळं सोडून आली असतीस. बाबांनीच शपथ घातली होती."

"ते माझं मी ठरवलं असतं," मी म्हटलं. माझा आवाज दालनभर गेला. "वाट बघायची आणि बोलवायचं नाही, ही कुठली रीत? यंत्रालासुद्धा सुचलं तिथे खिडकी असेल म्हणून. मला नाही सुचलं. तुम्ही सुचू दिलं नाहीत."

मागून आईचा आवाज आला. "अगं, फोटो काढून घे ना. आता मिळाला ना कोपरा."

मी फोटो काढला नाही. प्रिंटवाल्याकडून चिकटपट्टी घेतली आणि चालू फोन त्या भोकात, भिंतीला चिकटवला.

"दादा, तुझा फोन तिथेच धर. लोक जाईपर्यंत हलवायचा नाही."

"किती वेळ? हात दुखेल गं."

"दुखू दे."