माझ्यावर तत्त्वज्ञान ठेवलं तेव्हा

मी चौरंग बोलतोय. अंथुर्ण्याच्या म्हस्कूंच्या घरातला. बाभळीचा आहे, त्यामुळे अंगात नक्षी नाही, ताठा आहे.

या घरात मी म्हस्कूंच्या बायकोच्या, भामाबाईंच्या लग्नात आलो. पुढे वाळवीनं माझे दोन पाय खाल्ले, म्हस्कूंनी नवे बसवले. वर्षातून एकदा, श्रावणात, माझ्यावर पोथी बसे. एरवी मी फळीवर पालथा. तक्रार नव्हती. कुणीही येऊन टेकावं असा मी पाट नव्हे.

म्हस्कू मेंढरांमागे वाढले. शाळा दुसरीपर्यंत. कळप त्यांच्या वडिलांचा, आबांचा. जाताना आबा एवढंच म्हणाले, "कळप मोडू नगंस." पण पाटाचं पाणी आलं, रानोरान ऊस उभा राहिला, चरायला बांधही उरला नाही. एक्याण्णव साली म्हस्कूंनी कळप डाळजच्या एका मेंढपाळाला विकला. त्यानंतर सहा वर्षं ते त्या बाजूला फिरकले नाहीत.

मग यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी मोहनरावांकडून, म्हणजे आपल्या जुन्या मित्राकडून, बारामतीच्या ग्रंथालयातलं तत्त्वज्ञानाचं जाड पुस्तक मागवलं.

"म्हस्कूराव, हे मेंढरं वळण्याइतकं सोपं न्हाय," पुस्तक देताना मोहनराव म्हणाले.

"मेंढरं वळणं सोपं असतंय, हे तुला कुणी सांगितलं?"

म्हस्कूंनी जे येत होतं तेच केलं. आंघोळ केली, मला खाली काढलं, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि मोठ्यानं पारायण सुरू केलं. पारायणात मध्ये थांबायचं नसतं, काही विचारायचं नसतं. भामाबाई हात जोडून बसल्या. शेजारची सारजा प्रसादाला आली, चिमूटभर साखर घेऊन गेली, पुन्हा दिसली नाही.

आठवड्यात पुस्तक संपलं. कळलं काहीच नाही.

"गुंडाळ त्ये. उद्या परत देतो," म्हस्कू म्हणाले. आवाज पडला होता.

"पर आणलं कशापायी व्हतं?" भामाबाईंनी विचारलं.

म्हस्कूंनी पुस्तकावरचं कुंकू पुसलं. मग म्हणाले, "आबाचा कळप मी मोडला का न्हाय, त्ये बघायचं व्हतं."

"अवो, मग तेवढंच हुडका की! मीठ आणाय गेल्यावर सगळा बाजार हिंडता व्हय?"

अनुक्रमणिकेत एक प्रकरण सापडलं. त्यात एक लाकडी नाव होती. तिच्या फळ्या एकेक करून सगळ्या बदलल्या, तर नाव जुनीच की नवी? चार ओळी वाचून म्हस्कू थांबले. माझ्यावर वाचताना कुणी मध्येच थांबल्याचं हे पहिलंच. मला रागच आला.

"नवीच," म्हस्कू म्हणाले. "इकला तवा आबाचं एक बी मेंढरू उरलं नव्हतं. मी माझाच कळप इकला."

"असं कसं?" भामाबाईंनी मला थापटलं. "ह्याचं दोन पाय तुमीच बदललं. मग ह्यो माझ्या लग्नातला न्हाय व्हय?"

माझा जीव टांगणीला लागला.

म्हस्कूंनी मला न्याहाळलं. "ह्यो लग्नातलाच."

"मग कळप बी आबाचाच."

"म्हंजी मी आबाचाच कळप इकला की गं!"

"इकला. मोडला कुठं? खाटीक निवडून निवडून मागत व्हता. दिलं का तुमी एखादं? अख्खा कळप एका हाती दिला."

भाकरी गार झाली. म्हस्कूंनी पाचवी ओळ वाचली, तिच्याशी भांडले, परत पहिलीवर आले. त्या दिवशी एक पान झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एस.टी.नं डाळजला गेले. संध्याकाळी परतले, पागोटं उतरवलं.

"बघितला?"

"बघितला. एक बी मेंढरू वळखीचं न्हाय." तांब्याभर पाणी प्यायले. "पर पाण्याला उतरत्यात ती एकामागं एक. पुढचं वर आल्याबिगर मागचं उतरत न्हाय. आबानं लावलेली शिस्त. काल जन्मल्याली कोकरं बी तशीच." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मोडला न्हाय गं."

पुस्तकाची मुदत मोहनरावांनी वाढवून आणलीय. आता ते रोज माझ्यावर असतं. उदबत्ती बंद झाली. चहाच्या कपाचा गोल डाग पडलाय. मान गेला, पण पालथं पडणंही गेलं.

असलं पुस्तक पहिल्यांदा हातात घ्याल तर माझं ऐका. तुमचा म्हणून एक प्रश्न आधी आणा. तो जिथं असेल तिथंच उघडा. हात जोडू नका, ते भांडायला मोकळे ठेवा. समोर कुणी "असं कसं?" म्हणणारं बसवा.

आम्ही सध्या दुसऱ्या पानावर आहोत. नावेच्या काढलेल्या जुन्या फळ्या कुणी नेल्या, असं भामाबाईंनी विचारलंय. म्हस्कू कालपासून त्याच ओळीवर बोट ठेवून बसलेत. तुम्हाला घाई असेल तर पुढे व्हा.