गाव गप्प राहिलं ती दुपार

त्या सरकारी पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. पत्र साधं होतं. विमानांचा आवाज कमी करण्यासाठी त्यांचा उतरायचा मार्ग आमच्या वस्तीवरून काढून पलीकडच्या माळावरून न्यायचा विचार आहे. तुमच्या गच्चीवर आवाज मोजायचं यंत्र ठेवू द्याल का, आणि काय सोसावं लागतं ते लेखी कळवाल का? जन्मभर शेवगावच्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळलेला मी, पहिल्याच ओळीला अडायचो. ‘त्रास’ लिहावं की ‘गैरसोय’? लिहायचो आणि फाडायचो.

शेवटी मुदतीच्या दिवशी सृष्टी मॅडमच दारात आल्या. पाहणीसाठी नेमलेल्या या तरुण इंजिनिअर.

“आप्पा, यंत्र तरी ठेवू द्या. आणि पत्र आजच टाका, उद्याचा शिक्का चालणार नाही.”

यंत्र गच्चीवर बसलं. “मी शाळेत दुसरं लावून येते, तुम्ही लक्ष ठेवा,” म्हणून त्या गेल्या. आता दुपारचं विमान यायचं होतं. शेजारच्या गनीभाईचं सगळं या मोजणीवर अवलंबून होतं. विमान कमी उंचीवरून गेलं की त्याच्या पोल्ट्रीतली पिल्लं भेदरून एका कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. मार्ग बदलला नाही तर शेड मोडून कोल्हारला भावाकडे जायचं त्याने ठरवलं होतं. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसणारा तो एकटाच माणूस.

तेवढ्यात गल्लीत पुंजारामचा वरातीचा टेम्पो शिरला, वर चार स्पीकर. मागून ट्रॅक्टर घेऊन खुद्द गनीभाई.

“आप्पा, तुमी निस्तं बगा,” पुंजाराम खालून ओरडला. “आकडा असा चढवतो का सायबांचे कान बसतील.”

“मी बी सायलेन्सर काढलाय,” गनीभाई म्हणाला.

गाणं सुरू झालं. गच्चीचा कठडा थरथरला. पत्रासोबतचं माहितीपत्रक मी सवयीने बारीक अक्षरांसकट वाचलं होतं. आसपास गोंगाट असेल तर नोंद बाद, असं त्यात होतं. पण मी बरोबर वाचलं होतं ना? मी वरून हाका मारल्या. माझा आवाज स्वयंपाकघरात बायकोला, मनकर्णेला पोचत नाही, गल्लीत कुठला पोचणार?

मग मी जिना उतरलो. टेम्पोवर चढलो. कुठलं बटण ते कळेना, म्हणून वायरच उपटली. सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली.

“यंत्राला विमान आणि टेम्पो वेगळे कळत नाहीत,” मी कसंबसं म्हणालो. “असंच चाललं तर आजची मोजणी फुकट जाईल.”

“मंग काय करायचं?”

“गप्प बसायचं.”

“पुंज्या अन् गप?” समोरची रंगुबाई म्हणाली. “त्यापरीस इमान थांबवनं सोपं हाय.”

हसू पसरलं, पण गनीभाईने ट्रॅक्टर बंद केला. कोणी पिठाची गिरणी थांबवायला पळालं, रंगुबाईने ओरडणाऱ्या शेळीपुढे पाला टाकला. पुंजाराम तोंडावर हात ठेवून उभा राहिला. आमचं गाव एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मी पुन्हा गच्चीवर गेलो.

लांबून गुणगुण आली. मग घरघर, मग पोटात उतरणारा आवाज. आकडा भराभर चढला. विमान गेलं, आकडा खाली आला, आणि तरी कोणी बोलेना. सृष्टी मॅडम धावत जिना चढून आल्या, पडदा बघितला. “आप्पा, इतकी स्वच्छ नोंद कुठल्याच गावात मिळाली नव्हती.”

खाली एकच गलका झाला. गनीभाई मात्र शेडकडे पळाला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या ओंजळीत तीन पिवळी पिल्लं होती, माना टाकलेली.

मी आत जाऊन कागद घेतला. ‘आज दुपारचं विमान गेलं आणि शेजारच्या गनीभाईंची पिल्लं मेली,’ एवढ्यावरून सुरुवात केली, आणि पान कधी भरलं ते कळलं नाही.

“बसा, आप्पा,” गनीभाईने मोटारसायकल सुरू केली. “पोस्ट बंद व्हईल.”

रस्ताभर मी त्याचा खांदा घट्ट धरला होता. खिडकीपाशी एक शब्द बदलावासा वाटला. पोस्टातल्या बाईंनी हात पुढे केला. मी पाकीट दिलं. त्यांनी शिक्का मारला आणि ते थैलीत टाकलं.