ओल्या चुन्यातली वनिता

कामतघरच्या नाक्यावरची ती भिंत चाळीस वर्षं पानाच्या पिचकाऱ्या झेलत उभी होती. तोवर तिच्यामुळे संस्कृतीला धोका आहे, अशी कुणाची तक्रार नव्हती. मग शहर सुशोभन समितीने ‘आमची माणसं’ असा विषय दिला आणि मेघाली नावाच्या चित्रकार मुलीने भिंतीवर शैला आणि वनिता रंगवल्या.

दोघींना सारा नाका ओळखायचा. लूमच्या कारखान्यात शेजारी बसून त्यांनी तीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या. एकाच खोलीत राहिल्या, एकाच डब्यातून जेवल्या. लोक त्यांना मैत्रिणी म्हणत, आणि उरलेलं मनात ठेवत. गेल्या साली वनिता वारली. तिच्या भावाने सामान नेलं, त्यात फोटोही गेले. शैलाकडे एकही उरला नाही. म्हणून तिने मेघालीला आठवून आठवून सांगितलं: डावी भुवई जरा वर, पुढचा दात किंचित मोडका. चेहरा जमल्यावर एकच जादा मागणी केली. दोघींच्या कपाळाला मुंडावळ्या.

तिथे समितीला जाग आली.

“दोन बायका, आणि मुंडावळ्या?” समितीचा सुपरवायझर राकेश म्हणाला.

आधी एकीला मिशी काढायचं ठरलं. पण कुणाला, यावर समितीत दोन तट पडले. शेवटी चुना एकमताने मंजूर झाला.

मारला पंढरीनाथ रंगाऱ्याने. शैला शेजारी उभी राहून बघत होती.

“बाय, मला हुकूम हाय,” तो म्हणाला. मग हळूच, “एकच हात मारतो. चुना भिजला का आरपार दिसतो, सुकला का पांढरा. ध्यानात ठेवा.”

शैलाने ठेवलं. रोज दुपारी चारला ती तांब्या घेऊन यायची आणि भिंतीवर वनिताच्या बाजूला पाणी मारायची. विहिरीतून कुणी वर यावं तशी वनिता वर यायची. मे महिन्याच्या उन्हात सात मिनिटं टिकायची, मग सुकायची. शैला घरी जायची.

समितीने पाटी लावली: ‘या भिंतीवर पाणी मारण्यास सक्त मनाई आहे.’ पिचकाऱ्यांबद्दल पाटीत काही नव्हतं. वर एक वॉचमनही बसवला. शैला तांब्या घेऊन येई आणि भरला तांब्या परत नेई.

उरलेला चुना राकेशने टेमघरला घरी नेला, समितीच्या बादलीसकट. पोरीचं लग्न होतं; तिचं नाव पूर्वी. पडवी पांढरी करायची होती.

हळदीच्या दुपारी मैनाआजी लग्नाचे धवले गात होती. मैनाआजी धवलारीण, तिच्या गाण्यावाचून त्या घरात हळद चढत नसे. पूर्वीला न्हाऊ घालताना पाणी भिंतीवर उडालं. ओल्या डागात एक भुवई दिसली. डावी, जरा वर.

बघता बघता ओल पसरली. अख्खी वनिता आली, मुंडावळ्यांसकट. शेजारी एका माणसापुरती जागा मात्र कोरडीच राहिली.

राकेशने भिंत टॉवेलने पुसली. टॉवेल ओला झाला, भिंत सुकली नाही. पत्रे उन्हाने तडतडत होते आणि भिंतीतून गार वारा येत होता. कान लावला तर आत कांडी मशीनची घरघर. घरातली लाइट केव्हाच गेली होती.

“राकेश,” मैनाआजी म्हणाली, “मुंडावळ्या बांधलेलं माणूस मांडवात हळदीवाचून ठेवत न्हाईत. हिच्या जोडीला कोण हाय?”

“आजी, ते चित्र हाय.”

“मंग पूस ना.”

राकेशने फोन लावला. “शैलाबाई, तुमचं माणूस आमच्याकडे आलंय.”

“पाटी काढता?” शैलाने विचारलं.

“काढतो. वॉचमन पण काढतो. तुम्ही रिक्षा पकडा, भाडं मी देतो.”

शैला आली. पाय धुतले, आणि भिंतीला पाठ लावून त्या कोरड्या जागेत जाऊन उभी राहिली. जागा तिच्याच मापाची होती. मैनाआजीने आधी तिला हळद लावली. मग तीच उष्टी हळद भिंतीवरच्या कपाळाला. चुन्याला हळद लागली की लाल होते, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी डोक्यावर पदर घेतला.

“कुंकू झालं,” म्हणत मैनाआजीने पुढचा धवला उचलला. त्यात दोन्ही नावं घेतली. गाणं संपेपर्यंत भिंत सुकून पांढरी झाली होती. मग पूर्वीची हळद पुढे चालू झाली.

दुसऱ्या दिवशी राकेशने नाक्यावरची पाटी काढली. मागे पांढऱ्या भिंतीवर, कपाळाच्या उंचीला, दोन लाल ठिपके होते. पंढरीनाथ शपथेवर सांगतो, त्याने ब्रश लावलेला नाही.

शैला पुन्हा चारला येऊ लागली. पहिल्या दिवशी दोघी सात मिनिटं दिसल्या, दुसऱ्या दिवशी वीस. गुरुवारपासून भिंत सुकलेलीच नाही. शैला आता तांब्या आणत नाही, नुसती येऊन समोर बसते.

समितीच्या रजिस्टरात ‘गळती’ अशी नोंद आहे. पाइप शोधणं चालू आहे.