माझा एकमेव वाचक आणि अंटार्क्टिका

समोर राहणाऱ्या श्रीकांतने माझा लेख वाचून अंटार्क्टिकाची सहल रद्द केली, ही बातमी मला त्याच्या बायकोने, सुनीताने, आमच्या वसाहतीच्या कंपाउंडमधल्या दुकानात दह्याच्या फ्रिजपाशी दिली.

“काका, तुमच्या लेखाने आमचा बेत मोडला हं,” ती म्हणाली.

मी “अरेरे” म्हणालो आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात फुलत राहिलो. दही आणायचं विसरलो. चाळीस वर्षं नाशिकच्या एका ग्रंथालयात नोकरी केली, सुचेल तसं लिहिलं, पण त्या लिखाणाने कुणी काही केल्याचं किंवा करायचं थांबवल्याचं ऐकिवात नव्हतं. आता पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, सौदीत जुबैलमध्ये लेकीकडे राहायला आल्यावर, माझा परिणाम झाला होता.

लेख इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात आला होता. अंक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ. शीर्षक होतं, ‘बर्फाला भेटायला जाऊ नका’. जहाजांची काजळी बर्फावर बसते, काळवंडलेला बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. संपण्याआधी बघून घेऊ म्हणून जाणारे लोकच तो संपवायला हातभार लावतात, असं मी लिहिलं होतं. एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर, पेंग्विनपासून पाच मीटर लांब, उतरण्याआधी बूट धुवायचे आणि खिशांतलं बी-बियाणं झटकायचं, हे नियमही दिले होते. शेवटचं वाक्य होतं : ‘सर्वांत चांगला पर्यटक तो, जो पुस्तक घेऊन घरी बसतो.’ या वाक्यावर मी फार खूश होतो.

ते लिहिताना माझ्या अंगात स्वेटर होता. बाहेर ऑगस्टातलं शेहेचाळीस अंशांचं ऊन होतं, पण माझे जावई हर्षवर्धन दिवसभर रास अल खैरच्या प्लांटवर समुद्राचं पाणी गोडं करून येतात आणि त्यांना घर अठरा अंशांवर लागतं. स्वेटरचा उल्लेख लेखात करायचं राहून गेलं.

जानेवारीत माझ्या वाढदिवसाला विभाने, म्हणजे माझ्या लेकीने, जेवणाच्या ताटाशेजारी एक कागद ठेवला. डिसेंबरात अंटार्क्टिका. ती आणि मी. लहान जहाज, नव्वद प्रवासी.

“लहानपणापासून बघतेय बाबा,” ती म्हणाली, “जेवतानासुद्धा तुमच्या हातात त्या ध्रुवावर गेलेल्या लोकांच्या डायऱ्या. आता स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

“तू माझा लेख वाचलास ना?”

“डाउनलोड केलाय. वाचायचाय.”

या क्षणी मी कागद तिला परत करायला हवा होता. मी चष्मा पुसला आणि विचारलं, “केबिनला खिडकी आहे का गं?”

पुढचा महिना मी श्रीकांतला चुकवण्यात घालवला. तो संध्याकाळी फिरतो म्हणून मी सकाळी फिरू लागलो. एकदा दुकानात तो समोरून आला तेव्हा मी तांदळाच्या पोत्यांमागे उभा राहून बासमतीचे प्रकार वाचत राहिलो. माझ्या शब्दावर भरवसा ठेवणारा जगात एक माणूस, आणि त्याने सोडलेल्या बर्फावर मी जाऊन उभा राहणार. एक तर सहल सोडायची, नाहीतर त्याला तोंडावर सांगायचं. मला दोन्ही जमत नव्हतं. शेवटी एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, तीन वाक्यं पाठ करून मी त्याच्या दारात गेलो.

“या काका. सुनीता, चहा टाक गं, लेखक आलेत.”

पाठ केलेलं दुसरं वाक्य आधी बाहेर पडलं. “मी डिसेंबरात जातोय.”

“नाशिकला?”

“अंटार्क्टिकाला.”

श्रीकांतने स्वयंपाकघराकडे बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली. “हळू बोला.”

“मला माफ कर. तू माझा लेख वाचून एवढा मोठा निर्णय...”

“काका, मी लेख नाही वाचला. शीर्षक वाचलं.” तो कुजबुजला. “मला बोट लागते. बहारीनच्या पुलावरून नुसता समुद्र बघितला तरी पोटात ढवळतं. तिथे दोन दिवस तो खवळलेला समुद्र ओलांडायचा. हिची तीन वर्षं तयारी चाललेली, हिला कोणत्या तोंडाने सांगणार? तेवढ्यात ग्रुपवर तुमचं आलं. म्हटलं, चला, पृथ्वीसाठी सोडू. खलास.”

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो अपमान.

“शीर्षक तरी बरं होतं का?” मी विचारलं.

“चांगलं होतं. नेमकं.”

सुनीता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

“तीन वर्षं मी पेंग्विनचे व्हिडिओ बघत बसले,” ती नवऱ्याला म्हणाली, “आणि तू पृथ्वी वाचवत होतास.”

“अगं, तसं नाही...”

“तू चहा घे.” मग ती माझ्याकडे वळली. “काका, लेख मी वाचलाय. दोनदा. पटला म्हणून गप्प बसले. त्यात एका प्रवाशामागे किती धूर होतो ते दिलंय. पण तुम्ही व्हिसासाठी दर तीन महिन्यांनी गाडीने बहारीनला जाऊन शिक्का मारून येता, त्याचा धूर काही मला सापडला नाही.”

“राहून गेला,” मी म्हणालो.

“असू दे. मला खरं सांगा. जाऊ नये, असं तुम्हाला वाटतं का? तुम्ही हो म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही.”

म्हणजे माझा वाचक ही होती. असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी ट्रेमधला कप उचलून बाजूला ठेवला.

“माहिती खरी आहे,” मी म्हणालो. “जाणारे जितके कमी तितकं बरं, हेही खरं. पण मला तिथे कुणी नेणार नाही, हे धरून मी ते लिहिलं होतं. विभाने कागद ठेवल्यावर मी तिला पहिल्यांदा खिडकीचं विचारलं.”

सुनीता हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं, मी पुढचं बोललो नसतो.

“तू माझ्या जागेवर जा,” मी म्हणालो. “जहाजात एक माणूस वाढायला नको.”

“काका, उगाच काहीतरी.”

“उगाच नाही. दोघांना जायचंय, एक जाईल. लेखात मी एवढंच लिहायला हवं होतं.”

श्रीकांत म्हणाला, “घे गं, काका एवढं म्हणतायत तर.” त्याच्याकडे आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

रस्ता ओलांडून घरी पोचेपर्यंत मला पश्चात्ताप झाला होता. परत जाऊन शब्द मागे घ्यावा असं फाटकापाशी दोनदा मनात आलं, पण त्यासाठी पुन्हा बेल वाजवावी लागली असती.

विभा आधी रागावली, मग जवळ येऊन बसली. “थंडीची भीती वाटली ना बाबा?” तिने विचारलं. तत्त्वाबद्दल सांगायला मी तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्यावरची काळजी बघून मिटलं. शिवाय ते तत्त्वच होतं की नुसती भीड, हे मलाही नक्की सांगता येईना. संध्याकाळी सुनीताचा होकार आला आणि विभा प्रवासी बदलण्याचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसली. सुनीताचं नाव, पासपोर्ट, सगळं झालं.

“कारण विचारतायत,” ती म्हणाली. “काय लिहू?”

“लिही, प्रवाशाला स्वतःचा लेख उशिरा पटला.”

“बाबा, इथे एकच शब्द मावतोय.”

“मग गुडघे लिही.”

तिने लगेच लिहिलं. दुखतात का, हे विचारलंसुद्धा नाही.