स्वतःच्या फोटोसाठी शेवंती

ओल्या शेवंतीचा कडवट वास आणि सुईच्या टोकाशी क्षणभर थबकणारी बोटं. मंदाताई मला आठवतात त्या अशा. श्रीरामपूरच्या घरात, पश्चिमेच्या खिडकीपाशी बसून त्या हार ओवत होत्या. हार त्यांच्याच फोटोसाठी होता.

बारा वर्षं त्या एका दैनंदिन मालिकेतली थोरली सून होत्या. तिथल्या उजेडाला ऋतू नव्हता. दिवाळी असो वा वैशाख, चेहऱ्यावर तीच केशरी दुपार. रडायचं तेही तीन कोनांतून, तीनदा. आईची स्मृती विरळ होऊ लागली तेव्हा त्यांनी मालिका सोडायचं ठरवलं. आईजवळ राहायचं आणि लिहायचं, एवढाच बेत होता. नटी निघून गेली की कथा तिच्या पात्राला मारते आणि दिवाणखान्यात हार घातलेला फोटो टांगते. शेवटच्या दिवशी तो फोटो काढताना कॅमेरामन म्हणाला, "वहिनी, जरा हसा की. हाराखाली बरं दिसतं." सगळे हसले. त्याही हसल्या.

आईला आधी सांगून ठेवायचं मात्र राहून गेलं. तो भाग तिनं एकटीनं पाहिला.

चार दिवसांनी बॅग घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा घरच्या भिंतीवरल्या त्यांच्या फोटोला झेंडूचा हार होता. आई पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "या बाई, बसा. माझी मंदा गेली. तुमाला आत्ता कळलं व्हय?"

"आई, अगं मीच मंदा."

"लई मायेच्या हायेत तिच्या मैतरणी. माझी समजूत घालाया कायबी बोलत्यात."

पहिल्या आठवड्यात त्यांनी हार काढून ठेवला. आई दिवसभर जेवली नाही. मग त्या स्वतःच बाजारातून शेवंती आणू लागल्या.

दुपारी आई या परक्या बाईला आपल्या लेकीविषयी सांगे. उसाचे तुरे डोक्यात खोवून नवरी झालेली मंदा, पाटाच्या पाण्यात चप्पल वाहवून अनवाणी परतलेली मंदा. त्या ऐकत आणि लिहून ठेवत. ती पानं रविवारच्या पुरवणीसाठी माझ्याकडे येत. मी फार तर एखादा स्वल्पविराम हलवी. पुढे त्यांचं पुस्तक झालं आणि लोकांनी त्यांच्या कल्पनाशक्तीची स्तुती केली. त्यांना हवी होती फक्त एक हाक.

ती माघातल्या एका संध्याकाळी आली. हवेत कारखान्याच्या मळीचा वास होता, खिडकीत राखाडी उजेड. फोटोकडे पाहत आई म्हणाली, "मंदे, दिवा लाव गं."

मागे बसलेल्या मंदाताई म्हणाल्या, "लावते, आई."

आईनं वळून पाहिलं नाही. फोटोकडे बघतच ती हसली. "आयकलं का, बाई? बोलली माझी लेक."

उन्हाळ्यात आई गेली. मी भेटायला गेलो तेव्हा भिंतीवर दोन फोटो होते आणि हार एकच, आईच्या फोटोला. माझी नजर दुसऱ्या फोटोवर रेंगाळलेली पाहून मंदाताई म्हणाल्या, "आता कशाला? माझ्यासाठी रडणारं कुणी राहिलं नाही."

दिवेलागणीला त्या उठल्या आणि कुणी न सांगता त्यांनी दिवा लावला. गेलेलं माणूस आपल्या आठवणीत राहतं, असं आपण म्हणतो. पण ज्या आठवणीत आपण राहत होतो तीच मिटून गेली, तर आपण कुठे राहायचं, हे त्या उजेडात मला दिसेना.